न घातलेल्या साखरेचा पाक

नायगावच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अमृतशेठच्या आडतीवर सोयाबीनची पोती तोलायचा मोठा काटा आहे. त्या दिवशी त्याच्यावर आठ बाया एकदम चढल्या आणि लाल आकडे धडाधड वर गेले. पाचशे नऊ किलो.

"शेठ, काटा बराबर हाय ना?" दानम्मानं विचारलं.

"काटा बराबरच हाय, अक्का. मालच जास्त हाय."

बाया खो खो हसल्या. हसली नाही ती फक्त पारूबाई. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या बायांची रस्सीखेच दोन महिन्यांवर आली होती, आणि नियम असा, की आठही जणींचं मिळून वजन पाचशे किलोच्या वर जाता कामा नये. म्हणजे नऊ किलो जास्त. आणि पारूबाई एकटीच एक्याऐंशी किलोची.

ती शाळेत दोनशे पोरांची खिचडी रांधायची. भरलेलं पातेलं चुलीवरून एकटी उतरवायची. रस्सीखेचीत ती सगळ्यात मागं, दोराचं टोक पाठीवरून घेऊन उभी राहायची. खळ्यात बैल ज्या खांबाभोवती फिरतात त्याला मेढ म्हणतात. गाव तिला मेढच म्हणायचं. चव्वेचाळीस वर्षांत तिला पहिल्यांदाच कुणी काहीतरी म्हणून ओळखत होतं.

शाळेच्या खेळाच्या बाई, पुनम मॅडम, हळूच म्हणाल्या, "मावशी, सगळ्याच कमी करू. पण तुम्हाला जास्त करावं लागंल. न्हाई जमलं तर केवळाबाईला घ्यावं लागंल."

केवळाबाई म्हणजे सरपणाची काडी. दोर ओढला की दोराबरोबर ती पण जाणार. पण वजन पंचावन्न.

पारूबाईनं त्या दिवसापासून साखर सोडली. गूळ सोडला. दोन भाकरींची एक केली. चहा असा प्यायली की नवरा व्यंकटी म्हणाला, "औषध घेतल्यावाणी तोंड कामून करून राहिलीस? दे सोडून तो खेळ."

"खेळ न्हाई सुटत. चहा सुटंल."

महिन्यानं परत आडतीवर गेल्या. पाचशे दहा. पारूबाई साडेएक्याऐंशी.

"चोरून खात असंल," मागून कुणीतरी पुटपुटलं. दानम्मा तर तोंडावरच म्हणाली, "अगं पारू, उपास करून फुगणारी तूच पहिली बघितली बाई!"

त्या दिवशी ती एकटीच पुढं चालत घरी आली. आपल्या अंगातच काही खोट आहे, असं तिला वाटायला लागलं. आपण लंकेतल्या राक्षसिणीसारखं हाड घेऊन जन्मलो, त्याला उपास काय करणार?

आता झालं असं, की सरावाला सगळ्यांसाठी सरबत असायचं. दुकानदार दयानंद हौशी माणूस. गावचा संघ म्हणून तो ताकदीच्या पावडरीची पाकिटं फुकट द्यायचा. नारंगी रंगाची, पाण्यात टाकली की सरबत तयार. पाकिटावर मोठ्या अक्षरात, 'पांढरी साखर अजिबात नाही'. त्यामुळं मॅडमची पण ना नव्हती. सकाळी तीन गिलास, संध्याकाळी तीन. आणि पातेल्याच्या तळाशी उरलेलं पारूबाई पिऊन टाकायची. पोरांची खिचडी रांधणाऱ्या हाताला अन्न नाल्यात ओतायची सवयच नसते. पाण्यासारखं पाणी, त्यानं काय होतं?

शनिवारी मात्र तिला ते जाईना. मन खट्टू, पोट तुडुंब. तिनं उरलेलं सरबत तसंच शाळेच्या चुलीवर, धगीवर ठेवलं आणि तांदूळ निवडायला बसली. घंटाभरानं उठून बघते तर पातेल्यात बोटभर, दाट, नारंगी काहीतरी फुगे काढत होतं.

तिनं डाव बुडवला. थेंब अंगठ्यावर घेतला, बोट टेकवलं, उचललं.

तार आली. लांब, चकचकीत, न तुटणारी तार.

पारूबाईनं लग्नाकार्यात बुंदीचे पाक उतरवले होते, कमी न्हाई, शेकड्यानं. ती जागच्या जागी उभी राहिली. पाण्याचा पाक होतो होय? मग चुलीशी पदर आवरायचं पण तिला सुचेना. खोट अंगात नव्हती! खोट पातेल्यात होती!

लेक विशाखा लातूरला नर्सिंगला होती. पारूबाईनं पाकिटाचे दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले आणि लगेच फोन लावला.

"आई, मागची बारीक अक्षरं वाचली का?"

"मला ती दिसली असती तर तुला कामून पाठवले असते? बोल लवकर."

"मक्यापासून काढलेला गोड पाक आहे ह्यात, वाळवून पावडर केलेला. फ्रुक्टोज आहे, म्हणजे साखरेचाच एक प्रकार. आणि माल्टोडेक्स्ट्रिन. ते गोड लागत नाही फार, पण पोटात गेलं की त्याची साखरच होते."

"अन् पुढं लिवलंय साखर न्हाई मनून!"

"पांढरी साखर नाही असं लिहिलंय. ते खोटं नाही, आई. तिथंच तर त्यांची हुशारी. किती पितेस तू?"

पारूबाईनं सांगितलं. तळाचं पण सांगितलं.

"आई! चार-पाच भाकरी झाल्या की गं ह्या! आणि पिऊन पोट भरल्यासारखं वाटत नाही, म्हणून लक्षात पण येत नाही."

"म्हंजे मी एक भाकरी सोडून पाच पिऊन राहिले!" पारूबाई एवढ्यानं हसली, की पडवीतली पोरं डोकावली.

संध्याकाळी मैदानावर तिनं तीन दगड मांडले, चूल पेटवली आणि सगळ्यांसमोर ताजं सरबत उकळायला ठेवलं.

"आता काय जेवण हाय का इथं?" दानम्मा.

"बस, अक्का. बुंदी तेवढी न्हाई. बाकी सगळं हाय."

दयानंद दुकान सोडून आला, तो चिडूनच. "मी फुकट देऊन राहिलो, अन् तुमी माझं नाव खराब करून राहिल्या?"

पारूबाई डाव फिरवत राहिली. पाणी आटलं. तिनं त्याचाच हात धरला, अंगठ्यावर थेंब ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, बोट लाव अन् उचल."

तार आली तशी बाया ओरडल्या. दानम्मानं तर "अय्यो!" म्हणून कपाळालाच हात लावला. दयानंद मात्र त्या तारेकडं बघतच राहिला. त्याचा चेहरा उतरला.

"माझा बाप सहा महिन्यापासून हेच पिऊन राहिला," तो म्हणाला. "शुगर हाय त्याला." आणि तो पळतच फटफटीकडं गेला.

त्या दिवसापासून सरावाला साधं पाणी आणि मीठ घातलेलं पातळ ताक. बाकी काही बदललं नाही. भाकरी तीच, दोर तोच, शाळेची खिचडी तीच. सगळ्यांनी घरातली पाकिटं चाळायचा मात्र सपाटा लावला. सॉसमध्ये सिरप, पौष्टिक बिस्किटात सिरप, पोरांच्या दुधातल्या पावडरीत सिरप. दानम्मा बिचारी पाच वर्षं साखर नको म्हणून तीच बिस्किटं खात होती. ती बसल्या जागी बिस्किटवाल्यांना शिव्या देत होती, आणि ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळत होती. पारूबाईचा ब्लाऊज पंधरा दिवसांत खांद्यावरून उतरायला लागला. पण आडतीवर जायला ती तयार होईना. "आता नांदेडलाच बघू," ती म्हणायची. आशेनं एकदा तोंड पोळलं होतं.

नांदेडच्या मैदानावर एकेकीचं वजन घेत होते. टेबलावरचा कारकून आकडा मोठ्यानं वाचायचा आणि पुनम मॅडम वहीत बेरीज करायच्या. पलीकडं निलंग्याचा संघ उभा होता, पहिली ओढ त्यांच्याशीच. बाजूला केवळाबाई बूट घालून तयार होती. तिच्या तोंडावर अशी भीती, की बहुतेक ती पण मनातून पारूबाईसाठीच हात जोडून होती.

सात जणी झाल्या. मॅडमचं पेन थांबलं. "चारशे तेवीस पूर्णांक दोन. मावशी, तुमच्यासाठी शहात्तर किलो आठशे ग्रॅम उरलेत."

पारूबाई काट्यावर चढली. आकडे पळाले. ब्याऐंशी, चौऱ्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर. तिनं डोळे मिटले नाहीत. पाकाची तार बघायची असली की डोळे मिटून चालत नाही.

"शहात्तर पूर्णांक एक," कारकून म्हणाला.

कुणी काय ओरडलं, ते कुणालाच कळलं नाही. दानम्मानं तिला उचलायचा प्रयत्न केला आणि दोघी काट्यावरून खाली आल्या. केवळाबाईनं बूट काढायला सुरुवात केली, हसत, घाईघाईनं, गाठी तोडून.

"ए मेढ!" निलंग्याच्या संघातली एक जाडजूड बाई हाक मारून म्हणाली. "लई ऐकलंय तुमचं. हलता का न्हाई, बघू आज."

"हाव, बघा की," पारूबाई म्हणाली. तिनं दोर पाठीवरून घेतला, काखेतून काढला, टाचेनं माती उकरून पाय रोवला. पुढच्या सात पाठी ताठ झाल्या. शिट्टी वाजली, आणि दोराचा पहिला हिसका आला, तेव्हा तिच्या टाचेखालची माती तसूभर पण हलली नाही.