रद्द झालेले शनिवार

मित्रांनो, मी तलावातले किडे पकडायची एक जुनी जाळी. शाळेचे चपराशी लहानू यांनी मच्छरदाणीचा तुकडा तारेच्या कड्याला शिवला, बांबूची दांडी बसवली, आणि मी तयार झाले.

रायपूरच्या आमच्या शाळेमागे एक तलाव आहे. त्याच्या काठच्या वस्तीला सगळे तलावपारा म्हणतात; पारा म्हणजे इकडे मोहल्ला. दर शनिवारी वर्गशिक्षिका सरोजिनीबाई पाचवीच्या मुलांना तिथे नेत. मला सर्वांत सफाईने चालवायची ती पिंकी. ती त्याच पाऱ्यातली. मी वर आले की मुले पांढऱ्या थाळीत जीव निरखत. चतुर किड्याची पिल्ले सापडली तर पाणी बरे. नुसत्या लाल अळ्या निघाल्या तर गटार आत शिरले आहे, असे बाईंनी शिकवले होते. एकदा पिंकीने अळ्या ओळखल्या. मुलांनी फुटलेली नाली शोधली आणि पाऱ्यातल्या लोकांनी ती दुरुस्त केली. त्या दिवशी सगळ्यांनी माझेही कौतुक केले.

पुढे पाचवीला सर्व शाळांची एकच परीक्षा आली. मुख्याध्यापक शेखर सरांनी शनिवारी सराव-पेपर लावले. बाई त्यांच्याकडे गेल्या.

"सर, पेपरात तलावाचा धडा आहे, अन् तलाव मागंच आहे. पोट्ट्याइले नेऊ द्या."

"मले काय हे आवडून राहिलं का, बाई? निकाल घसरला तर जाब मलेच द्यावा लागते."

बाई परतल्या. मी कपाटामागे गेले.

त्या हिवाळ्यात नाली पुन्हा फुटली. कोणी पाहायला गेले नाही. काठावरच्या हातपंपाचे पाणी बिघडले आणि पाऱ्यात कावीळ पसरली. जानेवारीत पिंकी आजारी पडली. दवाखान्यातून ती परत आली नाही.

मार्चच्या पेपरात प्रश्न आला, तलावात गटार मिसळल्याची खूण कोणती? वर्गातल्या सगळ्यांनी बरोबर उत्तर लिहिले. शाळेचा सत्कार झाला. बाई मात्र रिकाम्या वर्गात बसून राहिल्या.

"सगळ्याइले येत होतं, लहानूभाऊ," त्या म्हणाल्या. "मीच त्याइले पाण्यापर्यंत नेलं नाही."



मित्रांनो, माझे कापड आता विरले आहे. मला कोणी शिवले नाही तरी चालेल. पण तुमच्या शाळेजवळ पाणी असेल तर बाईंना घेऊन बघायला जा, परीक्षेच्या आठवड्यातही जा. काही वेगळे दिसले तर मोठ्यांना सांगा. ते ऐकेपर्यंत सांगत राहा.