एकशे ऐंशीचा फेरा

त्या दिवशी बाबा तिच्यावर दोनदा चिडले आणि तीनदा हसले. म्हणजे दिवस नेहमीसारखाच होता.

बाबा पुढे सायकलवर आणि ती मागे गाडीत, दिवे मिचकावत, बैलगाडीच्या वेगाने. सायकलच्या पुढच्या चाकाला फेरे मोजणारं डबीएवढं यंत्र बसवलेलं होतं. दर पाच किलोमीटरला बाबा उतरत, आकडा सांगत, ती वहीत उतरवून घेई आणि रस्त्याच्या कडेला पिवळ्या रंगाची रेघ ओढी. बाबा भूमापन खात्यातून निवृत्त झाले त्याला पंधरा वर्षं झाली होती. तेव्हापासून आसपासच्या शहरांतल्या शर्यतींचे मार्ग मोजून द्यायचे, हा त्यांचा उद्योग. तिचा हुद्दा त्यांनीच ठरवलेला: कारकूनबाई.

यंदा शहराने लांब पल्ल्याची ट्रायथलॉन भरवायचं मनावर घेतलं होतं. जलाशयात जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशे ऐंशी किलोमीटर सायकल हाणायची, आणि एवढं करून ज्याच्या अंगात धुगधुगी उरेल त्याने बेचाळीस किलोमीटर पळायचं. "आणि पोचायचं कुठे, तर निघाले तिथेच," आईने एका वाक्यात निकाल लावला होता.

सायकलचा टप्पा कुणी इतका काटेकोर मोजत नाही. गाडीतल्या आकड्यावर भागवतात. बाबांना भागवणं हा शब्दच माहीत नव्हता. सहा दिवस ते तुकड्यातुकड्याने तो रस्ता मोजत होते. रोज सकाळी यंत्र ताडून बघायला पोलादी टेपने आखलेल्या तीनशे मीटरवर सायकल चार वेळा चालवायची, संध्याकाळी परत चार वेळा. कारण उन्हाने टायर फुगतं, चाक मोठं होतं आणि रस्ता लहान भरतो.

"वळणावर आतली कड धरायची," ते प्रत्येक वळणावर सांगत, जणू पहिल्यांदाच. "भला माणूस मधून जाईल. पण मोजायचं लबाडाच्या वाटेने. लबाडाला अंतर पुरं पडलं की भल्याला पडतंच."

"बाबा, मागे ट्रक आहे."

"असू दे. त्याला घाई आहे, आपल्याला नाही."

दुपारी ते जलाशयाच्या धक्क्यावर, जिथून निघाले होते तिथेच, परत आले. बाबांनी पायरीवर बसून पेन्सिलीने गणित मांडलं, खोडलं, पुन्हा मांडलं. मग वही तिच्यापुढे धरली. एकशे ऐंशी किलोमीटर आणि अकरा मीटर.

"अकरा मीटर," ते म्हणाले. "एवढं तर तुझी आई माझा चष्मा शोधत चालते."

त्यांचा चेहरा उजळला होता. आयुष्यभर त्यांनी रस्ते मोजले, पण रस्त्यात पिंप ठेवून माणसं मागे वळवावी लागू नयेत, असा आपल्याआप मिटणारा फेरा त्यांना कधी मिळाला नव्हता. पोहणारा धक्क्याच्या पायऱ्या चढला, की दहा पावलांवर सायकल. एकशे ऐंशी संपले, की त्याच पायऱ्या.

ती पाण्याकडे पाहत होती. पाणी तिसऱ्या पायरीला लागलेलं, भरलेलं, शांत. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जलाशयाच्या पातळीची नोंदवही तिच्याच टेबलावर असे. शर्यत तीन महिन्यांनी होती.

"बाबा, शर्यतीपर्यंत पाणी उतरेल."

"उतरू दे. वय झालं की सगळेच उतरतात."

"बरंच उतरतं, म्हणजे."

"हे पाणी मी तुझ्या जन्माआधीपासून बघतोय, कारकूनबाई. चार पायऱ्या जास्त उतरतील पोरं. पाय मोडतील का?"

तिने तोंड उघडलं. दक्षिणेच्या या कोपऱ्यात, धरण होण्याआधी झाडी होती. माणसाच्या उंचीवर तोडून बुंधे तसेच ठेवले होते. आज ते सात मीटर पाण्याखाली होते. शर्यतीच्या महिन्यापर्यंत पाणी सहा मीटर उतरतं. गेली पाच वर्षं साडेसहा. पोहण्याची रेघ बाबांनी नेमकी त्या बुंध्यांवरून ओढली होती, कारण तीच धक्क्याकडे सरळ येत होती.

बाबा अकरा मीटरचा आकडा बोटाने पुन्हा पुन्हा चाचपत होते. तिने तोंड मिटलं. उद्या सांगू, असं ठरवलं की नाही, हेही तिला नंतर आठवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोळात सायकलच्या चाकात हवा भरताना बाबा पंपावर वाकले ते उठलेच नाहीत. आईने आतून विचारलं, "अहो, किती भरताय?"

*

त्यानंतर तीन आठवडे तिचा पाय एका जागी ठरेना. लोक भेटायला यायचे, ती पाणी द्यायला उठायची आणि तिकडून बाहेरच निघून जायची. पुस्तक उघडलं की चौथ्या ओळीवर मिटायचं. ज्या पुस्तकांनी आजवरच्या प्रत्येक दुखण्यात तिला हात दिला होता, ती सगळी आता परक्याच्या लग्नात बसल्यासारखी कपाटात बसून होती. कचेरीत ती दिवसातून दहा वेळा खिडकीशी जायची. घरी स्वयंपाकघर ते बोळ, बोळ ते स्वयंपाकघर. किती पावलं, हे मोजायचं नाही असं ठरवायची आणि मोजायची. सव्वीस.

"पायाला भिंगरी लागलीय तुझ्या," आई म्हणाली. ती भाजी निवडत होती. "बस जरा. मलाच गरगरतंय."

ती बसली. उठली.

"आई, तू बाबांशी इतकं भांडायचीस. त्यांना वाईट वाटायचं?"

"मी भांडायचे कुठे? चुकलं की चुकलं म्हणायचे. ते दिवसातून चारदा चुकायचे, मी चारदा म्हणायचे." आईने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "तू कधी म्हणायची नाहीस. ते म्हणायचे, पोरगी शहाणी आहे, उलट बोलत नाही. मी म्हणायचे, शहाणी आहे म्हणूनच बोलायला हवं."

त्या दिवशी कचेरीत तिने तीस वर्षांच्या नोंदवह्या काढल्या. धरणाच्या जुन्या नकाशावर पातळ कागद ठेवून बाबांची रेघ उतरवली, तिच्यावर झाडीची हद्द. मग शर्यतीच्या महिन्याचे तीस आकडे एकाखाली एक लिहिले. सर्वात चांगल्या वर्षीसुद्धा बुंध्यांवर दीड मीटर पाणी होतं. गेल्या वर्षी चाळीस सेंटिमीटर. पोहणाऱ्याचा हात याहून खोल जातो. आणि पहिल्या पाच मिनिटांत तीनशे माणसं एकमेकांच्या अंगावरून जातात तेव्हा कुणी खाली बघत नाही.

उपाय नव्हता असं नाही. उत्तरेला, धरणातलं पाणी सोडायच्या विमोचन मनोऱ्यापाशी पाणी बाराही महिने खोल असतं. पण तिथून निघालं तर सायकलचा रस्ता तीन किलोमीटर चारशे मीटरने वाढत होता. बाबांचा फेरा मोडत होता. कुठेतरी पिंप ठेवावं लागणार होतं आणि सगळं पुन्हा मोजावं लागणार होतं. बाबांचे सहा दिवस, शेवटचे सहा दिवस, रद्दीत.

तिने कागदाची घडी केली, पिशवीत टाकली, बाहेर काढली, पुन्हा टाकली.

*

शर्यतीच्या समितीची बैठक सचिवांच्या सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर होती. छताला रिमा टांगलेल्या, सगळीकडे रबराचा वास. सचिव, पोहण्याचे मास्तर, डॉक्टरीणबाई आणि ती. तिला बोलावलं होतं बाबांच्या वह्यांसाठी. ती खुर्चीवर बसली, खुर्ची हलत होती म्हणून दुसरीवर बसली, मग खिडकीच्या कट्ट्याला टेकून उभी राहिली.

"आकडा सांगतो," सचिव म्हणाले. "दोनशे चाळीस नावं आलीत. तीनशेवर जातील."

"पहिल्या वर्षी जातातच," मास्तर म्हणाले. "नवी नवरी बघायला सगळं गाव येतं. पुढच्या वर्षी किती?"

"पुढचं वर्ष ठरतं ते शेवटच्या माणसावर. पहिला येणारा कुठेही पहिला येतो. सतराव्या तासाला जो रांगत येईल ना, तो घरी जाऊन काय सांगतो, त्यावर आपली शर्यत जगते की मरते."

"तो काही सांगायच्या स्थितीत असेल असं धरून चालू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांच्यापुढे स्वतःची यादी होती. "पळायच्या वाटेवर बारा किलोमीटर सावली नाही. बर्फ आणि पाणी दर दोन किलोमीटरला हवं. रुग्णालय पंचवीस मिनिटांवर आहे, ते काही जवळ आणता येणार नाही. बाकी मार्ग छान आहे. सायकलवाल्यांना एकही चौक उजवीकडे ओलांडावा लागत नाही. मोजणाऱ्याचं कौतुक आहे."

सचिवांनी चष्मा काढून पुसला.

"त्याच्यावरच येतो," ते म्हणाले. "माझा ठराव असा, की साहेबांनी आखलेला मार्ग जसाच्या तसा ठेवायचा. एक इंच हलवायचा नाही. त्यांचं शेवटचं काम आहे. शर्यतीला नावही त्यांचंच द्यायचं."

"अनुमोदन," मास्तर म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. तिघं तिच्याकडे बघायला लागले. आपण आता डोळे पुसावेत अशी त्यांची अपेक्षा आहे, हे तिच्या ध्यानात आलं. तिने पिशवीतून कागद काढला आणि टेबलावर पसरला.

ती नीट बोलली. कचेरीत बोलायची तशी: पातळी, खोली, तीस वर्षं, झाडीची हद्द. बाबांचं नाव कुठेच घेतलं नाही. पोहण्याची सुरुवात उत्तरेला न्यावी लागेल, त्यामुळे सायकलचा मार्ग बदलेल, एवढं सांगून थांबली.

मास्तर कागदावर वाकले. जलाशयात एरवी पोहायला बंदी; परवानगी मिळवून ते दोनदा उतरले होते, दोन्ही वेळा तुडुंब पाण्यात. त्यांचं बोट बुंध्यांच्या टिंबांवरून सावकाश फिरलं.

"चाळीस सेंटिमीटर," ते स्वतःशीच म्हणाले. "खांदा निखळेल. डोकं आपटलं तर..."

"डोकं आपटलं तर माझी पंचवीस मिनिटं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पण साहेबांच्या लक्षात कसं आलं नाही?" सचिवांना ते पटत नव्हतं. "रस्त्यावरचा एक खड्डा सुटायचा नाही त्यांच्या नजरेतून. सगळ्या गावाला माहितेय, साहेब म्हणजे साहेब. आता मी उठून सांगू, की त्यांचा मार्ग आम्ही बाद केला? त्यांना जाऊन महिना नाही झाला."

मग सचिवांचाच चेहरा मोकळा झाला.

"थांबा. त्यांच्या लक्षात आलंच असणार. त्यांनीच तुला सांगितलं असणार ना, बदलायचं म्हणून? जायच्या आधी? मग प्रश्नच मिटला. साहेबांची शेवटची सूचना म्हणून घालू. कोण हरकत घेतंय?"

मास्तरांनी सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरीणबाई तिच्याकडे पाहत होत्या, काही न सुचवता.

हो म्हणायचं होतं फक्त. हो म्हटलं की पोहणारे वाचत होते, शर्यत वाचत होती, बाबांचं नाव वाचत होतं. कुणाचंच काही बिघडत नव्हतं. बाबांनी सांगितलं, मी लिहून घेतलं: पंधरा वर्षं ती हेच तर करत आली होती. आणि तसं झालं असतं तर धक्क्यावरची ती दुपार कायमची शहाण्या मुलीची दुपार होऊन बसली असती. तिला ती दुपार दिसली: तिसऱ्या पायरीला लागलेलं पाणी, आकड्यावरून फिरणारं बोट, आणि आपलं उघडून मिटलेलं तोंड. त्या माणसाला तिने किती कमी समजलं होतं. चिडले असते. संध्याकाळभर बोलले नसते. मग उठून, कुठे आहे तुझा नकाशा, म्हणाले असते. सातवा दिवस, आठवा दिवस, पिंपाला शिव्या घालत पुन्हा मोजलं असतं.

ती खिडकीपासून पुढे आली आणि टेबलाशी उभी राहिली. पाय पहिल्यांदाच स्थिर होते.

"नाही," ती म्हणाली. "त्यांनी काही सांगितलं नाही. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं."

"अगं, पण..."

"सचिवकाका, मला बोलू द्या. नाव द्यायचं तर द्या. पण मी मोजेन तो मार्ग वेगळा असेल, आणि तो वेगळा का, हे खाली लिहिलेलं असेल." तिने कागदावर हात ठेवला. तिला जे म्हणायचं होतं ते या तिघांना उद्देशून नव्हतंच, पण माळ्यावर दुसरं कुणी नव्हतं. आवाज चढला नाही. ती आईसारखं, भाजी निवडताना म्हणावं तसं म्हणाली,

"बाबा, तुमचं चुकलं. मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी तुम्हाला सांगितलं नाही."