दोरी कापणाऱ्याचं शेत

“दोरी तुम्ही कापलीत. आता नाही म्हणू नका, सगळ्या गावानं पाहिलंय.”

अतिपोकानं डोक्यावरचं मडकं मिशनच्या ओट्यावर उतरवलं, कुदळ भिंतीला टेकवली आणि बसकण मारली. तिच्या दोन्ही मुली आपापली गाठोडी घेऊन शेजारी बसल्या. पाद्री दारातच थबकला. त्याच्या बोटांना अजून सकाळचं जेवण लागलेलं होतं.

नवरा गेलेल्या बाईच्या कमरेला दोरी असते. अंत्यविधीची बाजरीची दारू पूर्वजांना पोचली, की नवऱ्याकडचा एक पुरुष ती कापतो. जो कापतो, तो तिच्या शेताला आणि चुलीला बांधला जातो; तिला रान देणं आणि पोसणं त्याच्यावर येतं. पण अतिपोकाचा नवरा अकारिबो मरता मरता बाप्तिस्मा घेऊन गेला आणि पाद्र्यानं दारूला मनाई केली. दोन पावसाळे विधी अडून राहिला. मग गेल्या रविवारी त्यानं अतिपोकाला वेदीपुढं बोलावलं, हे सैतानाचं बंधन आहे म्हणाला आणि कात्रीनं दोरी कापून टाकली. पुढच्या बाकांवरच्यांनी टाळ्या वाजवल्या. किनाऱ्यावरच्या शहरातून आलेल्या या माणसानं त्याआधी कुणाला काही विचारलं नव्हतं. विचारायची त्याला सवयच नव्हती. तो सांगायला आला होता.

दुसऱ्याच दिवशी दीर अयम्बिरेनं शेत काढून घेतलं. परक्याच्या हातानं सुटलेली बाई आमच्या भावाची उरली नाही, एवढंच तो भावकीपुढं बोलला. दुष्टपणानं नाही. दोन वर्षं तिचं रान त्यानंच खणून दिलं होतं. बोलताना त्याला तिच्याकडे बघवलं नाही.

पेरणी तोंडावर आली होती.

पाद्र्यानं अवुनीला हाक मारली. अवुनी गावचाच, चर्चचा मदतनीस. पाद्र्यानं शिकवल्याप्रमाणे त्यानं तिची समजूत घातली, की प्रभूनं तिला मोकळं केलंय, तिनं आनंदानं घरी जावं.

“कुठल्या घरी रे?” अतिपोका म्हणाली. “तुझ्या आईची दोरी कुणी कापली होती?”

अवुनी आपल्या बुटांकडे बघत राहिला.

“काकानं.”

“मग तू कुणाच्या शेतातलं खाऊन एवढा झालास?”

चर्च तिला महिन्याला धान्य देईल, असं सांग, पाद्री अवुनीला म्हणाला. अवुनीनं ते सांगितलं नाही. त्यानं बूट काढून ओट्याखाली ठेवले आणि तो मिशनच्या कुंपणाच्या आत शिरला. शाळेसाठी म्हणून गावानं दिलेली ती जमीन. शाळा झालीच नाही, मिशननं आंबे लावले. पहिल्या झाडापासून अवुनी अनवाणी पावलं टाकत निघाला, आणि दर वीस पावलांवर खाली वाकून एक दगड ठेवू लागला.

पाद्र्यानं त्याला दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा मारली नाही.

“दर रविवारी आमच्या भाषेत तासभर बोलता की, पाद्रीबाबा,” अतिपोका म्हणाली. “मग आज बोला. माझं रान कुठून कुठवर?”