जागा प्रत्यक्ष पाहिली

शाहिस्ता मुजावर कामाला वाघ, पण त्या दिवशी सही करताना शेळी झाली. कोल्हापुरातल्या एका कॅन्सर हॉस्पिटलात केमोची औषधं मिसळून देणाऱ्या विभागाची ती प्रमुख. ही औषधं मिसळायची काचेच्या बंद कपाटात, गाळलेल्या हवेत. कपाट बंद पडलं तर दुसरं कोण करून देणार, त्याचा करार तपासणीवाल्यांना दाखवावा लागायचा. व्यवस्थापक विश्वजित सरांनी सांगली रस्त्यावरचं, अशी औषधं मिसळून देणारं एक केंद्र शोधून काढलं. करारात एक ओळ होती, जागा प्रत्यक्ष पाहिली. पंचगंगेला पूर, रस्ता बंद, आणि तपासणी दुसऱ्या दिवशी! सर म्हणाले, "फोटो बघितले न्हवं मॅडम? पाणी उतरलं की जाऊन या." शाहिस्तानं सही ठोकली. पाणी चार दिवसांत उतरलं. ती काही गेली नाही. रोज उठून पन्नास कामं, जाणार कधी?

आणि या सोमवारी कपाटाचा पंखा बसला. पुण्याचा मेकॅनिक गुरुवारशिवाय येणार नव्हता. वॉर्डात नऊ पेशंट हाताला सुई लावून तयार. त्यात शिरोळच्या धोंडुबाई. रक्तात पांढऱ्या पेशी कमी म्हणून दोनदा परत गेलेल्या, आज कुठं रक्त बरं आलेलं.

"आज देताय न्हवं बाई?" त्यांनी सकाळपासून तिसऱ्यांदा विचारलं.

"देते की मावशी," म्हणत शाहिस्ता औषधांची पेटी घेऊन स्वतःच गाडीत बसली.

केंद्रात तिच्या हातातली पेटी आत गेली आणि तिला ऑफिसात चहाला बसवलं. चहा तसाच ठेवून ती आत घुसली. फोटोतलं कपाट होतं हो, खोटं नव्हतं! फक्त त्याच्यावरचं प्लास्टिक अजून निघालं नव्हतं. शेजारच्या उघड्या टेबलावर, छताचा पंखा गरगरत असताना, एक माणूस धोंडुबाईंचं औषध सलाईनच्या पिशवीत सोडून मोकळाही झाला होता.

"थांबा!" ती किंचाळली.

तो म्हणाला, "आता का वरडताय? बघूनच सही केली न्हवं तुम्ही?"

त्यापेक्षा कानफटात बसली असती तरी परवडलं असतं. ती पिशवी आणि उरलेली औषधं घेऊन ती माघारी आली.

केंद्रातनं फोन आलेला, विश्वजित सर वॉर्डाच्या दारातच उभे. "लावा पिशवी. काय होत न्हाई. आन झालंच, तर कागदावर तुमची सही हाय, माझी न्हाय."

इकडं आड, तिकडं विहीर. बोललं तर नोकरी गेली, लायसन गेलं. गप्प बसावं, तर धोंडुबाईंच्या अंगात पेशी त्या किती, त्यात उघड्या हवेतला एखादा जंतू रक्तात गेला की चार दिवसांत बाई जायची. शाहिस्ता घाबरली होती. तरी ती खाटेजवळ गेली आणि सगळं सांगून टाकलं. न बघता केलेली सहीसुद्धा.

धोंडुबाईंनी निवांत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "व्हय, पर पुन्हा रक्त असं यील का माझं? लावा तसलंच. कागूद आणा, म्याबी न बघता अंगठा देते. मग तुमच्यावर काय यायचं न्हाई."

विश्वजित सरांचा चेहरा उजळला. "बघा! पेशंट स्वतः म्हणतीया." त्यांनी शाईचं पॅड मागवलंसुद्धा.

पॅड येईपर्यंत शाहिस्ता थांबली नाही. तिनं पिशवी सगळ्यांसमोर कचऱ्याच्या पिवळ्या डब्यात टाकली, जिथनं औषध पुन्हा काढून वापरता येत नाही.

"अगं बया, माझं औषध टाकलं गं हिनं!" धोंडुबाईंनी छाती बडवून हंबरडा फोडला. तसे वॉर्डातले बाकीचे आठही पेशंट आणि त्यांची माणसं शाहिस्ताला जाब विचारायला उठली.