कीर्टनच्या अंगणातली वाट

नेव्हिल कीर्टनला मी तो शेंबडा होता तेव्हापासून ओळखते आणि मला तो तेव्हाही आवडत नव्हता. त्याचा बाप अँब्रोज हिवाळ्यात गेला आणि वसंत लागला तसं नेव्हिलने अंगणाच्या फाटकाला साखळी घातली. धबधब्याकडे जाणारी वाट त्याच अंगणातून वर चढते. वाटेच्या खालच्या टोकाला, ओढ्यावरच्या दगडी पुलाशी, माझं चहाचं दुकान आहे.

यॉर्कशायरच्या आमच्या खोऱ्यात लोक धबधबा बघायला येतात. मला बघायला कुणी येत नाही, याची मला पूर्ण कल्पना आहे. पुलाशी गाडी लावायची, मेंढ्यांचे फोटो काढायचे, अंगणातून चढून धबधब्याखाली भिजायचं आणि खाली येऊन माझ्याकडे चहा आणि स्कोन, म्हणजे जॅम-सायीसोबत खायचे छोटे पाव, घ्यायचे, असा त्यांचा दिवस. ही माणसं मला फार प्रिय आहेत असं समजू नका. ती फाटकं उघडी टाकतात, विणीच्या दिवसांत मेंढ्यांच्या अंगावर कुत्री सोडतात आणि चहाची किटली समोर ठेवली की ओटचं दूध आहे का म्हणून विचारतात. पण माझं घर त्यांच्यावर चालतं. वाट बंद म्हणजे दुकान बंद.

नेव्हिलला हे नीट ठाऊक होतं. डोंगराच्या पलीकडच्या अंगाला त्याने गाड्यांसाठी जागा सपाट केली होती, तिकिटाची खिडकी बसवली होती आणि अल्पाका आणून ठेवले होते. ज्या खोऱ्यात आठशे वर्षं मेंढ्या आहेत तिथे लोकांनी आता त्या लोकरीच्या उंटांना दोरी धरून फिरवायचं. धबधब्याला जायचं तर त्याच्या खिडकीवरून जायचं, आणि चहाही तिथेच, कागदाच्या पेल्यात.

मी फाटकाशी जाऊन त्याला गाठलं.

“वाट काय तुझ्या बापाची आहे का रे?”

“होती,” तो म्हणाला. “आता माझी आहे.”

आणि माझ्या तोंडावर हसला. पन्नाशीचा माणूस, पण हसणं तेच, शाळेच्या बसमध्ये दुसऱ्याच्या डब्यातलं खाऊन झाल्यावरचं.

मग डेस्मंड मधे पडला. डेस्मंड प्राउड म्हणजे आमच्या पायी फिरणाऱ्यांच्या मंडळाचा चिटणीस. पूर्वी भूगोल शिकवायचा. जानेवारीतही अर्ध्या चड्डीत असतो आणि समोरच्याला कायम इयत्ता सहावीतला समजतो. त्याने माझ्या दुकानात सभा घेतली आणि कायदा समजावला. फाटक बंद झालं त्या दिवसापासून वीस वर्षं मागे मोजायची. तेवढी वर्षं लोक उघडपणे चालत आले असतील तर वाट लोकांची होते, मालकाला ती अडवता येत नाही. आणखीही काही अटी त्याने सांगितल्या, पण मी तेव्हा आत भट्टीतून स्कोन काढत होते. सभेला तीस माणसं जमली की कुणीतरी आत असावंच लागतं.

डेस्मंडने बासष्ट लोकांकडून अर्ज भरून घेतले. माझ्याही अर्जात प्रश्न होता, तुम्हाला परवानगी दिली गेली होती का? परवानगी म्हणजे सही-शिक्क्याचा कागद. तसला कागद मला कुणी दिला नव्हता. मी ‘नाही’ लिहिलं.

दोन उन्हाळे असेच गेले. लोक साखळीपर्यंत जायचे, परत यायचे आणि वाट बंद असल्याबद्दल माझ्यावर चिडायचे. शेवटी सुनावणी लागली. गावच्या सभागृहात, बॅडमिंटनच्या रेघा आखलेल्या फरशीवर टेबलं मांडली होती. सरकारी निरीक्षक दक्षिणेकडून आला होता आणि त्याला सर्दी झाली होती. नेव्हिलने लीड्सहून वकील आणली होती, मिस प्रेंटिस, तिशीची, आवाज मधाळ.

पहिला दिवस आमचा होता. पोस्टमनने सांगितलं, मी तीस वर्षं त्या वाटेने जातोय, कुणाला विचारलं नाही आणि कुणी अडवलं नाही. पाद्रीबाबांच्या विधवेनेही तेच सांगितलं. एकामागून एक, सगळ्यांनी तेच. डेस्मंड खुशीत हात चोळत होता. दुसऱ्या दिवशी सगळ्यात शेवटी मी.

“मिसेस अल्डरसन,” मिस प्रेंटिस म्हणाली, “तुम्ही एकतीस वर्षं तुमची गिऱ्हाइकं मिस्टर कीर्टन यांच्या अंगणातून पाठवत होतात.”

“हो.”

“त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून.”

“वाट तिथूनच आहे. मी नाही आखली.”

“म्हणजे तो म्हातारा माणूस आत जेवायला बसलेला, आणि बाहेरून अनोळखी लोकांची रांग. आणि इतक्या वर्षांत तुम्हाला त्यांना एका शब्दाने विचारावंसंही वाटलं नाही?”

मागच्या रांगेतून कुणीतरी चक् केलं. आता सांगते, तेव्हाच मी तोंड मिटायला हवं होतं. पण सगळ्या गावासमोर, लीड्सची ती पोरगी मला रीतभात नसलेली म्हणत होती. माझ्या टाळूपर्यंत आग गेली.

“विचारलं नाही? मी? दर वर्षी विचारलं! ईस्टरच्या आधीच्या सोमवारी सणाचा केक घेऊन जात होते मी, बदामाच्या अकरा गोळ्या लावलेला. दारात उभी राहून विचारत होते, मिस्टर कीर्टन, यंदाही आमची माणसं अंगणातून गेली तर चालेल ना? एक वर्ष चुकवलं नाही. माझ्या आईने मला गोठ्यात नाही वाढवलं!”

निरीक्षकाने शिंकायचं थांबवून लिहायला सुरुवात केली. डेस्मंडने डोळ्यांवर हात ठेवला.

“आणि ते काय म्हणायचे?” मिस प्रेंटिसने अगदी हळू विचारलं.

“ते काय म्हणणार! त्यांचं बोलणंच उर्मट. ‘मला विचारू नकोस, पोरी. तू आपली जा.’ दर वर्षी एवढंच. केक घ्यायचे आणि दार लावायचे.”

कुणीतरी हसलं. अँब्रोजला ओळखणाऱ्या सगळ्यांना तो आवाज ऐकू आला असणार.

“म्हणजे त्यांनी कधीच हो म्हटलं नाही?”

डेस्मंडने हात खाली घेतला. तो माझ्याकडे बघून मान हलवत होता, बारीक, भराभर. मला वाटलं, तो मला शांत हो म्हणतोय. आणि खोटं तर मी बोलणार नव्हते.

“म्हटलं ना. शेवटच्या वर्षी. ते अंथरुणाला खिळले होते. मी खाटेशी उभी राहून सांगितलं, मिस्टर कीर्टन, सरळ विचारणाऱ्याला सरळ उत्तर द्यावं. हो की नाही? बराच वेळ छताकडे बघत पडले होते. मग म्हणाले, ‘बरं बाई, हो. झालं समाधान?’”

हे मी ताठ मानेने सांगितलं. तीस वर्षं त्या माणसाच्या मागे लागून मी त्याला शेवटी एकदा माणसासारखं बोलायला लावलं होतं.

“आभारी आहे,” मिस प्रेंटिस म्हणाली. “मला आणखी काही विचारायचं नाही.”

बाहेर पडल्यावर डेस्मंडने मला भिंतीशी गाठलं.

“तुला कुणी विचारायला सांगितलं होतं?”

“सांगायला कशाला हवं? परक्याच्या अंगणातून जायचं तर विचारायला नको?”

“नको! नको, एव्हरिल, नको! सभेत तीनदा सांगितलं मी. लोक परवानगी न घेता चालले पाहिजेत. वीस वर्षं नुसते चालले तर तो हक्क. मालकाला विचारलं आणि तो हो म्हणाला, की झाली मेहेरबानी. मेहेरबानी काय, आज आहे, उद्या नाही. आणि तू सगळ्यांच्या वतीने विचारून बसलीस! ते बिचारे ‘विचारू नकोस’ म्हणत होते, तर मरणाऱ्या माणसाच्या तोंडून तू ते वदवून घेतलंस!”

“मी स्कोन काढत होते,” मी म्हणाले.

बासष्ट माणसं घरी गेली. माझ्याशी कुणी बोललं नाही, पोस्टमनसुद्धा.

सहा आठवड्यांनी निकालाचं पत्र आलं: लोक परवानगीने चालत होते, म्हणून वाट लोकांची नाही. त्याच दुपारी नेव्हिल माझ्या दुकानात आला, खिडकीतल्या टेबलाशी बसला आणि त्याने चहा आणि स्कोन मागितला. दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. मी आणून ठेवलं. जॅम आधी लावून मग त्याने वर साय लावली, सावकाश, प्रत्येक कोपऱ्यापर्यंत.

“एक सांगू का, मिसेस अल्डरसन? बाबांना हा कायदा तोंडपाठ होता. आजोबांच्या शेतातली एक वाट अशीच लोकांच्या हक्कात गेली होती.”

“मग?”

“मग काही नाही. दर ईस्टरला तुम्ही गेलात की ते केक कापायचे आणि म्हणायचे, ‘ही बाई मला ती वाट देऊच देत नाही.’ मला वाटायचं, म्हातारा चळलाय. सुनावणीत तुम्ही बोललात तेव्हा अर्थ लागला.” तो हसला. “त्यांना तुम्हाला वाट द्यायची होती. माझ्या नाकावर टिच्चून. आणि तुम्ही ती मला दिलीत.”

मी गल्ल्यामागच्या स्टुलावर बसले. तो अँब्रोज, ज्याला मी एकतीस वर्षं घरोघरी उर्मट म्हणत होते. दर वर्षी तो दारात उभा राहून मला सगळ्यात मोठी गोष्ट देत होता, आणि दर वर्षी मी ती हातातला केक पुढे करून परत करत होते. नेव्हिलचा मला राग आला होता, पण त्या क्षणी स्वतःचा जेवढा आला तेवढा आयुष्यात कुणाचा आला नसेल. खाटेवर पडून तो छताकडे का बघत होता, ते आता मला कळत होतं.

“मी काही राक्षस नाही,” नेव्हिल म्हणाला. “साखळी काढतो. जाऊ देत तुमची माणसं. फाटकावर पाटी लावू, ‘नेव्हिल कीर्टन यांच्या परवानगीने’. तुम्ही फक्त दर ईस्टरला यायचं आणि विचारायचं. बाबांना विचारायचात तसं, दारात उभं राहून. केक नाही आणला तरी चालेल.”

एका वाक्यात दुकान वाचत होतं. आणि खरं सांगते, ते वाक्य माझ्या जिभेवर आलंही होतं. “तर मग नेव्हिल, यंदा...” इथपर्यंत मी बोलले. सवयीने. सगळा जन्म त्यात गेलाय.

तो सुरी खाली ठेवून वाट बघत होता.

मी उठले आणि त्याच्यासमोरची बशी उचलली. अर्धा स्कोन त्यात तसाच होता.

“दुकान बंद झालं.”

“अडीच वाजलेत.”

“बंद झालं म्हटलं ना.”

“हे तुम्हाला महागात पडेल, मिसेस अल्डरसन.”

“पुरे झालं. दार तिकडे आहे.”

शनिवारी ऊन पडलं. बर्मिंगहॅमहून एक कुटुंब आलं, आईबाप आणि दोन मुली, सगळ्यांच्या अंगात रंगीत कोट. आईने चहाचं सांगितलं आणि डोंगराकडे बोट केलं.

“त्या अंगणातून धबधब्याला जाता येतं ना? की कुणाला विचारावं लागेल?”

मी अंगावरचा एप्रन सोडला.

“कुणालाही विचारू नका. या माझ्यामागून.”

साखळी होती, म्हणून फाटकावर चढले. सदुसष्टाव्या वर्षी, स्कर्टमध्ये, एका धड गुडघ्यावर. मुलींना मजा वाटत होती. बापाने हात पुढे केला, तो मी घेतला नाही. एक पाय पलीकडे टाकला तोच नेव्हिल ट्रॅक्टरवरून उतरून धावत आला.

“मिसेस अल्डरसन! कुणाला विचारून आत येताय?”

“कुणालाच नाही,” मी म्हणाले आणि दुसरा पाय टाकला. “मोज आता वीस वर्षं.”

“मी पोलिसांना बोलावीन! अडवलेली वर्षं धरत नसतात, मी अडवतोय तुम्हाला!”

“अडव की. रोज यावं लागेल तुला.”

ते कुटुंब माझ्यामागे फाटक चढू लागलं. मी केक घेऊन उभी राहायचे त्या स्वयंपाकघराच्या दारासमोर आले. दार उघडं होतं. मी थांबले नाही.