टोपलीतली पिवळी फळं

मित्रांनो, मी एक जुनी वेताची टोपली आहे. आता माझ्या बुडाला एवढं भोक पडलं आहे की मांजरसुद्धा त्यातून ये-जा करील. पण एके काळी मी आक्काच्या कमरेला बांधलेली असे आणि टेकडीवरच्या मळ्यातली कॉफी फळाफळाने माझ्यात उतरत असे.

मला आक्काच्या धाकट्या दिराने विणलं. वेत वाकवताना तो म्हणाला होता, "वहिनी, काठ मऊ ठेवतो. दिवसभर बरगडीला लागणार तो." तेवढं मऊपण मी शेवटपर्यंत जपलं.

कॉफीच्या एकाच फांदीवर काही फळं पिकलेली असतात, काही हिरवीगार. पूर्वी सगळे मूठभर फळं एकदम ओरबाडत. कच्चं-पक्कं विचारतो कोण! आक्का मात्र प्रत्येक फळ अंगठ्याने चाचपून तोडायची आणि गुणगुणायची :

फांदी डाव्या हाती, फळ उजव्या हाती,
हळू तोड सखे, झाडालाही नाती.

मग मळा नव्या मालकीणबाईंकडे आला. त्यांना उत्तम कॉफी करायची होती. त्यांनी एक रंगीत पट्टी केली. पट्टीवरच्या लाल रंगाशी जुळेल तेच फळ घ्यायचं, असा नियम झाला. नवा मुकादम ती पट्टी खिशात असा जपायचा, जणू लग्नाची पत्रिकाच!

टेकडीच्या वरच्या कडेला जुन्या झाडांची एक रांग होती. त्यांची फळं पिकली की लाल होत नसत, पिवळी होत. आक्काला हे तीस हंगाम ठाऊक होतं. पट्टीला ठाऊक नव्हतं.

त्या दिवशी मी काठोकाठ भरले होते. तराजूपाशी मुकादमाने माझ्यात डोकावून कपाळाला हात लावला.

"आक्का, डोळे घरी ठेवून आलात का? सगळी कच्ची!"

"अहो, ही झाडं पिवळीच पिकतात. दाबून तर बघा."

"पट्टीवर पिवळा आहे कुठे?" असं म्हणत त्याने मला उलटी केली. सकाळपासूनची मेहनत मातीत सांडली. "वय झालं तुमचं. उद्यापासून येऊ नका."

आक्काने मला उचललं आणि माझ्या काठावरची माती पदराने पुसली. मित्रांनो, वेताला रडता येत नाही. त्याला फक्त करकरता येतं.

तेवढ्यात धप्प असा आवाज झाला. आक्काच्या सुनेने आपली टोपली खाली ठेवली होती.

"आधी आईंची फळं तपासा. मग आमच्या टोपल्या तराजूवर चढतील."

एकीमागून एक, सगळ्या बायांनी टोपल्या खाली ठेवल्या. मुकादम गोरामोरा झाला. गलका ऐकून मालकीणबाई वर आल्या. आक्काने मातीतलं एक पिवळं फळ उचललं, पुसलं आणि त्यांच्या पुढ्यात अंगठ्याने दाबलं. आतली गुळगुळीत बी सुटली ती थेट मुकादमाच्या चष्म्यावर! बाया खो खो हसल्या.

मालकीणबाईंनी राहिलेलं साल चाखलं. मधासारखं गोड होतं.

"चूक पट्टीची आहे," त्या म्हणाल्या, "म्हणजे माझी. खोलीत बसून रंगवली मी ती. आक्का, उद्या या. आणि मला झाडं दाखवा."

"दाखवीन की," आक्का म्हणाली, "पण आधी हे सांडलेलं कोण भरणार?"

मुकादम गुडघ्यांवर बसला आणि एकेक फळ वेचू लागला. अर्ध्यातच त्याने कंबर धरली. "आक्का, हे रोज करता तुम्ही?" त्याने हळूच विचारलं. दुसऱ्या दिवशी तराजूजवळ एक बाकडं आलं आणि पाण्याचा माठ आला. ते त्यानेच आणून ठेवले होते.

पुढे माझं बूड गेलं. आक्काला नवी टोपली मिळाली आणि मला तराजूशेजारच्या खिळ्यावर टांगलं. कॉफी घ्यायला आलेली माणसं टेकडीची उंची विचारतात, झाडांची जात विचारतात. कोणाच्या हातांनी तोडली, हे क्वचितच कोणी विचारतं.

मित्रांनो, तुमच्या घरी कॉफीचा वास दरवळला, तर मोठ्यांना एवढं जरूर विचारा. आणि एखाद्याची भरलेली टोपली उलटी करावीशी वाटली, तर आधी एक फळ दाबून पाहा.