निळ्या दोरीच्या गाठी

शाळेतून काही बनवून आणायला सांगितलं, की आपल्या मचाकोस गावातल्या किती घरांत मुलं कामाला लागतात आणि किती घरांत आया? खरं सांगा!

न्दिंदाच्या घरी तरी मुलीऐवजी न्दिंदाच कामाला लागायची. बँकेतून आली की ती चहा ठेवायच्या आधी फोनवर वर्गाच्या ग्रुपमधले फोटो बघायची. कुणाच्या मुलाचं मातीचं घर, कुणाच्या मुलीची तारेची गाडी. बघता बघता तिला वाटायचं, आपली लेक म्बिथे मागे पडली तर?

या वेळी तिसरीच्या मुलांनी घरातली एखादी अडचण दूर करणारी वस्तू बनवायची होती आणि शाळेच्या बाजारदिवशी स्वतः विकायची होती. म्बिथेने हात धुवायचा कॅन करायला घेतला. दोन खांबांमध्ये कॅन टांगायचा, त्याला दोरीने बांधलेली खालची काठी पायाने दाबली की तो झुकतो, हातावर पाणी पडतं. अंगणात बसून तिने तो बांधला खरा, पण तो एका अंगावर कलला.

"हे कोण घेणार गं?" न्दिंदा म्हणाली.

"आई, मी अजून एकदा..."

"काही अजून-बिजून नको! हात लावू नकोस, आणखी बिघडवशील. तू फक्त छान हसून बोल. बोलणाऱ्याचंच खपतं."

आणि ती बसस्टँडमागच्या फुंडीकडे गेली. फुंडी म्हणजे आपला हरकामी कारागीर. गुळगुळीत खांब, निळी नायलॉनची दोरी. कॅन झोकात उभा राहिला.

बाजारदिवशी मैदानभर गोड मांदाझी तळल्याचा वास सुटला होता. म्बिथेच्या टेबलापुढे वर्गाच्या टीचर वाविन्या थांबल्या. "वा! कसा केलास गं?"

न्दिंदा कान देऊन ऐकू लागली. आता ही काय सांगणार?

"टीचर, आधी माझ्या गाठी सारख्या सुटायच्या," म्बिथे हसून म्हणाली. "मग मी आजोबांना विचारलं, शेळी कशी बांधता? त्यांनी दाखवलं, तशी बांधली. बोटाला दोरी काचली. हे बघा."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. न्दिंदाने मात्र वाजवल्या नाहीत. आजोबा? ते तर म्बिथेच्या जन्माआधीच गेले होते! हे पोर इतक्या सफाईने खोटं बोलायला कधी शिकलं? आणि शिकवलं कुणी?

तेवढ्यात पाठीशी बाळ बांधलेली एक बाई पुढे आली. "मला हवाय हा. पण माझ्या मधल्या मुलीचा पाय त्या काठीपर्यंत पोचायचा नाही. जरा खाली बांधून देतेस, बाळा?"

म्बिथेचं हसू मावळलं. तिने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"आईने हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय," ती पुटपुटली. "माझ्या हाताने सगळं बिघडतं."

टीचरांनी वळून न्दिंदाकडे बघितलं. न्दिंदाला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं.

"आमच्यावरच बोट नका दाखवू, टीचर!" ती एकदम म्हणाली. "चकचकीत वस्तूला शाबासकी तुम्हीच देता. आम्ही काय करायचं मग?"

वाविन्या टीचरांनी मान हलवली. "खरंय. चुकलं माझं. पण जरा आजूबाजूला बघा."

न्दिंदाने बघितलं. शेजारच्या टेबलावर निळी दोरी. पलीकडे निळी दोरी. झाडाखालच्या कॅनलाही तीच दोरी, तशीच गाठ! एकाच फुंडीने सगळ्या वर्गाचं डोकं चालवलं होतं. आया एकमेकींची नजर चुकवू लागल्या.

"फुंडीचा हात आणखी बसला," टीचर म्हणाल्या. "आपल्या मुलांचा? कल्पना काय आकाशातून पडते, न्दिंदा? कलतं, सुटतं, मग डोकं खाजवावं लागतं, तेव्हा ती सुचते. चुकायची संधीच तुम्ही काढून घेतलीत, तर मोठेपणी नोकरी असो की धंदा, अडचण आली की ही हात पाठीमागेच नेणार!"

न्दिंदा बँकेच्या कपड्यांतच मातीत बसली. "म्बिथे, सोड ती गाठ."

"बिघडलं तर?"

"बिघडू दे. मी ओरडणार नाही. खोटं मी शिकवलं तुला, ते आता दोघींनी सोडायचं."

गाठ दातांनी सोडवावी लागली. म्बिथेने काठी खाली बांधली, ती सुटली. पुन्हा बांधली, तर कॅन हलेचना. तिने आईकडे पाहिलं. न्दिंदाचे हात शिवशिवत होते, तिने ते मांडीखाली दाबून धरले.

मग म्बिथे उठली आणि सरळ त्या बाईकडे गेली.

"काकू, तुमच्या मुलीला घेऊन या ना. तिचा पाय कुठे येतो ते बघते, मग बांधते."

हा प्रश्न फुंडीला सुचला नव्हता. आईलाही नाही!

आई-बाबांनो, मुलांच्या हातून काही वाकडंतिकडं होत असेल तर होऊ द्या. ते सरळ कसं करायचं याचा विचार करताना जे शिकणं होतं, ते कुठल्याच फुंडीकडे विकत मिळत नाही.